फ्रिजमधली कणीक, भुतं आणि ओट्यावरची आमटी

मंगळवारी सकाळी सव्वासहाला फ्रिज उघडला तर कणकेचा डबा रिकामा. मोड आलेल्या मटकीचा डबाही गायब. आईने रात्रीच दोन्ही गाईला घालायला म्हणून काढून ठेवलं होतं. डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर. गाय कुठून येणार, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण भावकीच्या ग्रुपवर ‘माता-भगिनींनो, सावधान!’ येऊन पडलं होतं.

मेसेज तुम्हालाही आला असेल. फ्रिजमधला कणकेचा गोळा म्हणजे पिंड, तो खायला भुतं येतात. फ्रिजच्या किरणांनी कणकेचं विष होतं. शिजवल्यापासून तीन तासांनी अन्न तामसी होतं, गीतेत लिहिलंय. कुकरमधल्या डाळीत १३ टक्केच पोषण उरतं, मातीच्या भांड्यात १००. आणि शेवटी, आळशी बायकांमुळे घरोघरी आजार.

आमच्याकडे कणीक मी मळतो. बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट, माझी ७:०५ची लोकल, पोरांचे दोन डबे. तेव्हा आळशी बाई मीच, असं धरून उत्तर देतो.

भुतांपासून सुरुवात. श्राद्धाचे पिंड आपल्याकडे भाताचे करतात. नुसतं गोल दिसलं म्हणून पिंड म्हणायचं, तर रव्याच्या लाडवांनी काय पुण्य केलंय? ते आठ-आठ दिवस डब्यात असतात. त्यांच्याकडे भुतं फिरकत नाहीत, पोरंच पुरतात.

किरण म्हणाल तर फ्रिजमध्ये एकच दिवा, तोही दार उघडल्यावर लागतो. थंडावा देणारा वायू बंद नळ्यांतून फिरतो, डब्यात शिरत नाही. कणीक काळपट पडते ती कापलेलं सफरचंद पडतं तशी. तेलाचा हात फिरवून डबा घट्ट लावला की कमी पडते. तिसऱ्या दिवशी मात्र ती आंबूस होते, पोळी वातड होते, हे कबूल. तेवढी मीही टाकतो. पण रात्री मळून सकाळी लाटायला काय हरकत आहे?

कुकरचं ऐका. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीच (आयसीएमआर), तिने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात डाळी-कडधान्यं उकडणं किंवा कुकरला लावणं हीच चांगली पद्धत म्हटली आहे: पोषणाच्या आड येणारे घटक त्याने जातात, प्रथिनं नीट पचतात. हे १३ टक्के कुणी मोजले, आणि कशाचे? प्रथिनांचे की लोहाचे? लोह काही शिट्टीतून उडून जात नाही. त्याच पुस्तकात मातीची भांडी सर्वांत सुरक्षित म्हटली आहेत आणि आंबट पदार्थ ॲल्युमिनियम-पितळेत साठवू नका असंही आहे. तेवढ्यापुरता मेसेजवाल्याचा तुक्का लागला, असं म्हणू.

गीतेतला श्लोक खरा आहे. सतरावा अध्याय, दहावा श्लोक, ‘यातयामं गतरसं’. याम म्हणजे तीन तास, हेही खरं. मग शाळेच्या डब्याचं काय करायचं? पावणेसातला भरलेला डबा पोरं साडेदहाला उघडतात. आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांकडे दर रविवारी इडली असते. ते पीठ काय तीन तासांत फुगतं?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मेसेज वाचून आईने नुसती कणीक काढली नाही, फ्रिजच वर्ज्य केला. बुधवारी सकाळचा आमटी-भात ओट्यावरच झाकून ठेवला. ऑक्टोबरचा उकाडा. संध्याकाळी साडेसातला मी घरात शिरलो तेव्हा धाकटी ताट घेऊन उभी होती आणि भाताला तार सुटली होती.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेत राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, ५ अंशांखाली ठेवा, खाताना वाफाळेपर्यंत तापवा. म्हणजे बघा, तीन तासांची भीती घालणाऱ्या मेसेजने दोन तासांच्या आत जे करायला हवं तेच आमच्या घरात बंद पाडलं. भूत बाहेर राहिलं आणि आमटी नासली. पोरीने घास घेतला असता तर त्या काकांना मी ग्रुपवर जे बोललो त्याच्या दुप्पट बोललो असतो.

आईला जिवाणू पटले, भुतांची शंका मात्र मनाला खात होती. मेसेजमध्येच लिहिलंय की जुन्या बायका कणकेच्या गोळ्यावर बोटं उमटवायच्या, म्हणजे तो पिंड राहत नाही. म्हटलं, मग उमटव की चार बोटं. आता रोज रात्री मी मळतो, ती बोटं उमटवते, आणि डबा फ्रिजमध्ये जातो.