'कथेची चिरफाड': एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

वर्गात कथा कशी शिकवते यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. दोन ओळींत आभार मानून सुटणं जमलं असतं, पण चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तसं उत्तर देणं बरं दिसलं नसतं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, कथा वाचून आनंद घ्यायचा असतो, आम्ही तिचा कीस पाडून पोरांना वाचनापासून तोडतो. दोन, व्यंकटेश माडगूळकरांचं 'धर्मा रामोशी' हे व्यक्तिचित्र आहे, ते मी कथा म्हणून शिकवते. तीन, विद्यार्थ्यांकडून 'कथा वाचून मला काय वाटलं' अशा टिपणवह्या लिहून घेणं हे फॅड आहे, त्यात कथा राहते बाजूला आणि पोरांचं रडगाणं पुढे येतं.

दुसरा आक्षेप आधी घेते, तो सोपा आहे. 'धर्मा रामोशी' ज्यात आहे ते 'माणदेशी माणसं' (१९४९) व्यक्तिचित्रांचं पुस्तक म्हणूनच ओळखलं जातं, मान्य. तरी त्या लेखाचा शेवट आठवा. धोतर मिळतं म्हाताऱ्या धर्माला आणि शेवटी ते दिसतं त्याच्या लेकीच्या, बजाच्या अंगावर. तिच्याजवळ नेसायला धड काही नव्हतं, हे आपल्याला तिथे कळतं. कथा-कादंबरीकार ना. सी. फडके ज्या कलाटणीचं तंत्र शिकवत, ती कलाटणीच आहे ही. फक्त माडगूळकर तिच्या आधी ताशा वाजवत नाहीत. फळ्यावर 'कथा' लिहायचं की 'व्यक्तिचित्र' यावर आमच्या स्टाफरूममध्येही दोन चहा होतात. मी वर्गात दोन्ही लिहिते आणि पोरांना भांडायला लावते.

चिरफाडीचा आक्षेप मला अर्धाच मान्य. गाईडमधलं उत्तर मीही तपासते. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, भाषाशैली, प्रत्येकी एक परिच्छेद आणि शेवटी 'अशा प्रकारे ही कथा वाचकाच्या मनाचा ठाव घेते'. कथेचं नाव बदललं तरी उत्तर तेच चालतं. याला चिरफाड म्हणणंही जास्तच, कारण फाडायला निदान हात लावावा लागतो. या उत्तरांत कथेला कुणी शिवलेलंच नसतं. मी जे करते ते उलटं आहे. एकाच वाक्यावर, कधी एकाच शब्दावर तास घालवायचा.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या. १९६३ च्या संग्रहाची शीर्षककथा. एस. वाय. च्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी विचारलं, 'लपवली' का नाही, 'चोरली' का? दोनतीन उत्तरं आली ती सगळी चोरीची: दुसऱ्याची जात घेतली, म्हणून चोरी. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अंग चोरतो तसं." गर्दीच्या एस.टी.त, कुणाचा धक्का लागू नये म्हणून आपण स्वतःलाच आत ओढून घेतो, तसं. मला इतकी वर्षं हे दिसलं नव्हतं. खरं सांगते, पुढची दहा मिनिटं मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मग त्या दिशेने आम्ही कथा पुन्हा वाचली. दलित नायक रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत येतो. जात विचारल्यावर खोटी जात सांगत नाही, रागावतो आणि आपण मुंबईकर असल्याचं सांगतो. समोरचा त्यातून हवा तो अर्थ काढतो आणि त्याला वरचा मानतो. म्हणजे खोटं कुणी सांगितलं? निवेदन 'मी'चं असल्यामुळे आपल्याला सगळं माहीत आहे, कथेतल्या माणसांना नाही. एरवी जी वाक्यं साधी पाहुणचाराची वाटली असती, ती वाचताना पोटात गोळा येतो. बाजूला काशिनाथ सकपाळ हा दलित कामगार आहे, तो जात चोरत नाही. शेवटी नायकाला मार बसतो, तेव्हा सोडवायला येतो तो हाच. आणि शीर्षक पुन्हा वाचा. 'जेव्हा' आहे, 'तेव्हा' नाही. अर्धंच वाक्य. हे सगळं दिसल्यावर वाचनाचा आनंद कमी होतो असं तुम्ही म्हणता. 'आनंद' हा शब्द या कथेला लागू पडतो का, हाच मला प्रश्न आहे.

आता टिपणवही. इथे तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही.

या कथेनंतर मी वहीसाठी प्रश्न दिला होता: 'तुम्हाला असा अनुभव कधी आला आहे का? लिहा.' पाच गुण, अंतर्गत मूल्यमापनात. बहुतेकांनी कॉलेजातल्या छोट्यामोठ्या अपमानांचं लिहिलं, काहींनी आजीकडून ऐकलेलं. एका मुलाने पानावर तारीख घातली, कथेचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि बाकी पान कोरं ठेवलं. हुशार मुलगा, एरवी तीन तीन पानं लिहिणारा. मी लाल शाईने 'अपूर्ण' लिहिलं. लिहून वही बाजूला ठेवली आणि मग उजेड पडला. ज्या कथेत आल्या आल्या माणसाला जात विचारतात, ती शिकवून मी पाच गुणांच्या बदल्यात साठ जणांना तेच विचारलं होतं. त्या मुलाने कथा माझ्यापेक्षा नीट वाचली होती. त्याला जाऊन काही बोलायचं मला धाडस झालं नाही. 'अपूर्ण' खोडून गुण दिले, इतकंच. ते त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे.

तेव्हा रडगाणं पुढे येतं ही तुमची तक्रार मला पटत नाही. कुणाचं रडगाणं वाचायला मिळालं तर मी वाचीन. अडचण अशी, की तो प्रश्न काहींना फुकट पडतो आणि काहींना महाग. वही मी बंद केलेली नाही, प्रश्न बदलला. आता असं विचारते: कथेतलं एक वाक्य उतरवा, ते वाचताना तुम्ही का थांबलात, आणि ते वाक्य नसतं तर काय बिघडलं असतं. स्वतःबद्दल लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर नका. गंमत म्हणजे आता लोक स्वतःबद्दल जास्त लिहितात, पण त्या वाक्याला धरून. धर्मा रामोशीवर एकीने फक्त धोतराच्या लांबीचा हिशोब मांडला होता, नऊवारी लुगड्याला ते किती कमी पडतं याचा. तिची आई शिवणकाम करते, हे त्यातून मला कळलं. मी विचारलं नव्हतं.

तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय, पोरं मूळ कथा वाचतात तरी का? निम्मी वाचतात. उरलेली गाईडवर निभावतात. त्यांतली दोघंतिघं परीक्षा झाल्यावर, निकाल लागायच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत पुस्तक घरी नेतात. ग्रंथालयाच्या नोंदवहीत मी हे मुद्दाम बघते.