स्टील भरीव आहे म्हणून हायड्रोजन आत जात नाही? राजेहो, जरा ऐका

काल रात्री भाच्यानं तो फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे वाचून आमच्या सुपरवायझरनं बेकिंगचं ओव्हन बंद केलंय." भाचा वाळूजला झिंक प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवायच्या शॉपमधी आहे. तोवर हा मेसेज मी तीन ग्रुपवर बघून सोडून दिला होता, आता नाही सोडवत.

मेसेजचं म्हणणं असं: स्टील भरीव असतं, त्यात गॅस शिरत नाही. पाईपला मीटर चिकटवून हायड्रोजन मोजायचा आणि त्यावरून गंज ओळखायचा ही लूट आहे. प्लेटिंगनंतर बेकिंग, म्हणजे माल ओव्हनमधी तापवणं, ही लाईटबिलाची नासाडी, प्लेटिंगआधी साफ करायला वापरलेलं ॲसिड पाण्यानं धुतलं की गेलं. आणि मीटर शून्य दाखवतं तरी टाकी गंजतेच, म्हणजे सगळं खोटं.

अरे, गॅस शिरतो असं म्हणतंय कोण? ॲसिड लोखंडाला खातं तेव्हा पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. बरेचसे जोडीनं बुडबुडे होऊन उडून जातात, पण काही सुटेच आत घुसतात, ते एवढे बारके असतात की लोखंडाच्या अणूंमधल्या फटीतून सरकतात. १८७५ साली विल्यम जॉन्सननं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं हे मांडलं. दोन-तीनदा इकडून तिकडं वाकणारी तार काही मिनिटं ॲसिडात बुडवली तर एकदा वाकवताच तुटली, आणि तुटलेलं तोंड ओलं केलं तर तिथून बुडबुडे निघाले. मग आत काही गेलंच नाही तर बुडबुडे आले कुठून?

बेकिंगचा मुद्दा मात्र लै घातक आहे. धुतल्यानं वरचं ॲसिड जातं, पोलाद ठिसूळ करणारा आत शिरलेला हायड्रोजन नाही जात, आणि वर झिंकचा थर बसला की त्याची बाहेर यायची वाट अजून अवघड होते. म्हणून तो उष्णतेनं बाहेर काढायला कडक बोल्ट प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास ठेवतात. मी मेंटेनन्सला होतो तेव्हा संध्याकाळी टॉर्क रेंचनं आवळलेला १२.९ चा (हा मजबुतीचा ग्रेड, आकडा जास्त तेवढा बोल्ट कडक) बोल्ट सकाळी बघितला तर डोकं खाली ट्रेमधी पडलेलं, रात्री मशीनला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. २०१३ मधी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या नव्या पुलावर ९६ पैकी ३२ जाड रॉड ताण दिल्यावर काही दिवसांत तुटले, तेही हायड्रोजनमुळंच.

मीटरची लूट म्हणाल तर रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइडवाल्या पाईपला बाहेरून ते लावतात. हा सल्फाइड अणूंची जोडी जमू देत नाही, मग जास्त अणू पोलादात शिरतात आणि भिंत पार करून बाहेर येतात तिथं ते मोजायचे. आत गंजरोधक औषध सोडलं आणि लागू पडलं तर आकडा लवकर खाली येतो, भिंतीची जाडी मोजत बसलं तर तेच कळायला आठवडे जातात.

शेवटचं अर्धं खरं आहे, मानतो. बोरच्या साध्या पाण्याच्या टाकीत गंज पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळं चढतो, तिथं हायड्रोजन जवळजवळ तयारच होत नाही, मग मीटर शून्यच दाखवणार. तिथं अल्ट्रासोनिकनं जाडीच मोजायची. पण वजनकाट्यावर ताप कळत नाही म्हणून काटा खोटा होतो का?

भाच्याला सांगितलंय, उद्या शिफ्टला गेलास की आधी बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाच. ८.८ असला तर एवढी भीती नाही. १०.९ किंवा १२.९ असला तर ओव्हन चालू झाल्याशिवाय तो लॉट पॅकिंगला जाऊ देऊ नको, साहेब ऐकत नसले तर मला फोन लावून दे.