पॅरिस : शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पॅरिस पहिल्यांदा दिसतं ते बहुधा पहाटे, बेर्सीच्या बस स्थानकावर, मान एका बाजूला कलून राहिलेल्या अवस्थेत. आखेन किंवा कोलोनहून शुक्रवारी रात्रीची बस धरण्यामागे पक्कं गणित असतं. रेल्वेपेक्षा तिकीट स्वस्त, शिवाय हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. गणितात चूक काहीच नाही, फक्त मानेचा खर्च धरायचा राहिलेला असतो. म्हणून दोन-चार युरो जास्त मोजून सीट आधीच ठरवावी : खिडकीची आणि शौचालयाच्या दारापासून निदान चार रांगा लांब. ते दार रात्रभर आपटत असतं.

पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स परमिट, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांत, सीमा उरल्या नाहीत हे खरं, पण रात्री दोन वाजता बसमध्ये चढलेल्या पोलिसाला ते पटवून देण्याची ती वेळ नसते, आणि मोबाईलमधला फोटो त्याला चालत नाही.

मेट्रो सुरू होते साडेपाचच्या सुमारास. बस लवकर पोचली तर, म्हणजे नेमकी नको तेव्हा, तोवर बाहेर कुडकुडायचं. हॉस्टेलची खोली मिळते दुपारी तीनला. म्हणजे पहिले नऊ-दहा तास बिनअंघोळीचं पॅरिस. हॉस्टेलवाले सकाळी बॅग ठेवून घेतात, ती आधी टाकून यावी. पाठीवर बोजा घेऊन लूव्र संग्रहालयात गेलात तर ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग ते आत घेत नाहीत. आणि आईने दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेली बॅग त्याहून मोठीच असते.

आता निसर्गाचा प्रश्न. रस्त्याकडेला करड्या रंगाच्या, आपोआप उघडणाऱ्या टपऱ्या दिसतात, त्यांना सानिझेत म्हणतात. त्या फुकट आहेत. पण प्रत्येक माणूस बाहेर आला की दार बंद होतं आणि आतली बैठक-फरशी यंत्र स्वतः धुतं. रांगेत दुसरे असलात तर ते धुणं पुरं होऊन हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. ‘दार उघडंच आहे की’ म्हणून आत घुसणाऱ्याची अंघोळ इथेच उरकण्याची शक्यता असते. अर्धा लिटरची बाटली बरोबर हवीच, का ते मराठी वाचकाला सांगायला नको. ती भरायला हिरवे ओतीव लोखंडाचे वॉलेस नळ आहेत. १८७२ पासून शहराला फुकट पाणी पाजताहेत.

मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोच्या आसपास पडतं. म्हणजे अडीचशे रुपये, असा गुणाकार मनात झाल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. तिकिटं ज्यात भरतात ते नाविगो इझी कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं. चौघांत एक कार्ड फिरवायची युक्ती चालत नाही. २०२५ पासून मेट्रोचं तिकीट बसला लागू होत नाही, बसचं वेगळं. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असतो, तेव्हा शनिवारी घेणं म्हणजे दानधर्म. बाहेर पडेपर्यंत कार्ड सांभाळा, कारण तपासनीस नेमके शेवटच्या वळणाआड उभे असतात. काही जुन्या गाड्यांची दारं आपोआप उघडत नाहीत, खटका वर उचलावा लागतो. सभ्यपणे वाट बघणारा पुढच्या स्टेशनला उतरतो. आणि मोंमार्त्रच्या टेकडीसाठी आबेस स्टेशनवर उतरलात तर लिफ्टच घ्या. ते जमिनीखाली ३६ मीटरवर आहे. चक्राकार जिन्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत खऱ्या, पण तिसऱ्या वळणानंतर चित्रांकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

वर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर दोरेवाले भेटतात. गप्पा मारत बोटाला रंगीत दोरा गुंडाळतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात ठेवा. इथे बोट पुढे करायची आपल्या लोकांना भारी सवय, पूजेला बसल्यासारखी.

लूव्रसाठी मात्र तेच रेसिडेन्स परमिट कामाला येतं. वय २६ च्या आत असेल आणि युरोपियन युनियनच्या देशात राहण्याचा परवाना असेल, तर पासपोर्ट भारताचा असूनही लूव्र, ओर्से संग्रहालय, आर्क द त्रिऑम्फची कमान, सँत-शापेल चर्च सगळं फुकट. विद्यापीठाचं ओळखपत्र पुरत नाही, परवानाच दाखवावा लागतो. फुकट असलं तरी लूव्रची वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी, नाहीतर शनिवारचा अर्धा दिवस काचेच्या पिरॅमिडभोवती प्रदक्षिणेत जातो. नोकरी करून मग एम.एस.ला आलेल्या दादालोकांनी पूर्ण तिकीट काढावं आणि तक्रार करू नये.

आत गेल्यावर सगळे बाणांमागून मोनालिसाकडे धावतात. ती ७७ × ५३ सेंटिमीटरची, काचेमागे, आणि पुढे वर केलेल्या मोबाईलचं रान. समोरच्या भिंतीवर चित्रकार वेरोनेझेने रंगवलेलं बायबलमधलं काना गावचं लग्न आहे, पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. भरल्या पंगतीकडे पाठ करून उभे असलेले मराठी लोक जगात फक्त याच दालनात दिसतात. माझा सल्ला : मोनालिसाला दोन मिनिटं, लग्नाला वीस.

आयफेलला जिन्याचं तिकीट सर्वांत स्वस्त, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. सिंहगड चढलेल्याने मिशीला पीळ द्यायला हरकत नाही, पण पहाटेची बस आणि आबेसचा जिना यांचा हिशेब गुडघ्यांनी ठेवलेला असतो. नुसतं बघायचं असेल तर रात्री नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकात जा. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लखलखतो. ठोका चुकला तर तासभर थंडीत, आणि बरोबरचा एकजण ‘मी म्हणत होतो’ म्हणत राहणार.

शाकाहारी मंडळींनी सॅलडवर भरवसा टाकू नये, त्यात लार्दों नावाचे डुकराच्या मांसाचे तुकडे लपलेले असतात. ‘मांस नको’ म्हटलं की मासा येतो. मारे भागातल्या र्‍यू दे रोझिए गल्लीत फलाफल झकास, पण तिथली बरीच दुकानं ज्यू मालकांची, शब्बाथ या त्यांच्या विश्रांतीच्या वारामुळे शनिवारी बंद, तेव्हा ती रविवारवर ठेवा. शनिवारी गार द्यू नॉर स्टेशनमागे ला शापेलला जा. श्रीलंकेच्या तमिळांनी वसवलेला भाग, डोसा मिळतो आणि सांबार पुन्हा मागता येतं. हॉटेलात ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी बिनपैशाचं येतं. नुसतं ‘वॉटर’ म्हणाल तर सीलबंद बाटली येईल, आणि मग तिच्यातला शेवटचा थेंबही कुणी सोडत नाही.

परतीच्या बसमध्ये झोपायच्या आत हिशेबाच्या ॲपमध्ये खर्च भरून टाकावा. सोमवारी आठच्या लेक्चरनंतर कुणालाच काही आठवत नाही, आणि बाटलीच्या साडेपाच युरोंवर मात्र वाद जूनपर्यंत चालतो. पाणी मागवलं एकाने, प्यायले चौघे, आणि ज्याने मागवलं त्याचं म्हणणं, मी तर नुसतं ‘वॉटर’ म्हणालो होतो.