"मशीन असून स्कॅन करून दिला नाही" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, सेंटर मी चालवतो म्हणून मीच लिहितोय. तुम्ही एक स्टार देऊन म्हटलंय की भावाला बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप खाली जातो तो आजार) असल्याचं डॉक्टर सांगतात, रेस्टिंग स्टेट स्कॅनमध्ये ते दिसतं असं तुम्ही वाचलं, आमच्याकडे मशीन असूनही आम्ही तो केला नाही, साधा एमआरआय करून "नॉर्मल" लिहून दिलं, आणि आता घरचे म्हणतायत की मेंदू नॉर्मल आहे तर गोळ्या कशाला. भावाच्या रिपोर्टमधलं मी इथे काही बोलणार नाही, तो त्याचा खाजगी विषय आहे, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी गोळ्यांचं, कारण त्यात थांबायला वेळ नाही. साध्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, स्ट्रोक, सूज, जुना मार असलं काही आहे का ते बघतात, कारण कधीकधी त्यानेही माणसाचं वागणं एकदम बदलतं. नॉर्मल म्हणजे यातलं काही सापडलं नाही, बस. बायपोलर असलेल्या बहुतेकांचा एमआरआय असाच येतो. त्या कागदावरून गोळ्या बंद करू नका प्लीज, त्यातून लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) चालू असेल तर अजिबात नाही, ते झटक्यात सोडलं की मेनिया, म्हणजे मूड अती चढलेला काळ, परत उसळायची भीती वाढते.

आता रेस्टिंग स्टेट. हा फंक्शनल एमआरआयचा (एफएमआरआय), म्हणजे मेंदूचं काम बघणाऱ्या स्कॅनचा, एक प्रकार. त्यात माणसाला काहीच काम देत नाहीत, डोकं फोममध्ये टेकवून मशीनमध्ये पडायचं, समोरच्या छोट्या अधिकच्या चिन्हाकडे बघत राहायचं, झोपायचं नाही, आणि साधारण पाच-दहा मिनिटं दर दोनेक सेकंदाला अख्ख्या मेंदूचा एक फोटो निघत राहतो. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे सिग्नल किंचित वरखाली होतो, मग कुठले भाग एका तालात वरखाली होतायत ते कॉम्प्युटरवर शोधतात. 1995 मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हात हलत नसतानाही डाव्या आणि उजव्या बाजूचे हात हलवणारे भाग असे एकत्र चालतात, तिथून हे सगळं सुरू झालं. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे आम्हाला यातलं काही माहीतच नाही असं तुम्हाला वाटलं ते मनाला लागलं.

बायपोलरमध्ये भावनांशी संबंधित अमिग्डाला आणि आवर घालणारा पुढचा प्रीफ्रंटल भाग यांच्यातला ताळमेळ वेगळा असतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण कुठे तो वाढलेला दिसतो, कुठे कमी झालेला. आणि हे सगळे फरक ग्रुपच्या सरासरीतले आहेत. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते, पण कोणी फक्त 165 सेंटीमीटर एवढंच सांगितलं तर बाई की पुरुष हे आपण ठरवू शकतो का? तुमच्या भावाच्या एकट्याच्या स्कॅनचं तसंच होणार.

त्यात तो त्या दिवशी मेनियात आहे, डिप्रेशनमध्ये आहे की मधल्या शांत काळात, कुठलं औषध घेतोय, रात्री झोपलाय का, या सगळ्यानेही चित्र बदलतं. हलण्याचं तर विचारूच नका, 2012 च्या सुमारास लक्षात आलं की डोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकं हललं तरी खोटे फरक तयार होतात, आणि मेनियातल्या माणसाला दहा मिनिटं निपचित पड म्हणणं किती अवघड आहे ते तुम्ही घरात बघितलंच असेल. 2020 मध्ये 70 टीमना एकच एफएमआरआय डेटा दिला होता (तो काम देऊन केलेला स्कॅन होता, पण अडचण तीच), तर कुठल्याही दोन टीमची पद्धत सारखी निघाली नाही आणि काही प्रश्नांची उत्तरंही वेगवेगळी आली.

ऑपरेशनच्या आधी बोलण्याचा किंवा हाताचा भाग नेमका कुठे आहे ते बघायला फंक्शनल एमआरआय करतात, तो खरा उपयोग आहे. बायपोलर आहे की नाही हे सांगायला मी तो विकणार नाही. रंगीत चित्रं मिळाली असती, तुम्ही ती सायकियाट्रिस्टपुढे ठेवली असती आणि त्यांना त्यावरून औषधाचं काहीच ठरवता आलं नसतं.

त्यांना जे लागतं ते तुमच्याकडे आहे. तीन तास झोपूनही भाऊ ताजातवाना होता का, बोलणं थांबत नव्हतं का, पैसे उधळले का, हे किती दिवस चाललं. मेनिया म्हणायला साधारण आठवडाभर आणि हायपोमेनियाला (मेनियाचंच सौम्य रूप) सलग चार दिवस असा निकष आहे, म्हणून तारखा आठवून लिहून काढा, पेशंटला स्वतःला त्या काळातलं नीट सांगता येतंच असं नाही.

रेटिंग बदला असं मी म्हणत नाही. भावाची हरकत नसेल तर गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या घरच्यांना घेऊन या, रिपोर्टमध्ये काय तपासलं आणि काय तपासलेलंच नाही ते आमचे रेडिओलॉजिस्ट समोर बसून सांगतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि एखादा डोस आधीच चुकला असेल तर आमच्याकडे यायची वाट न बघता आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा.