एकोणीस ज्वालामुखी आणि एक सदरा

२८ फेब्रुवारी जवळ आला की आमच्या वाचनालयाच्या मंडळाला विज्ञान आठवतं. १९२८ साली त्या दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. "तिसरी-चौथीच्या मुलांसाठी प्रयोगांची स्पर्धा घेऊ या," असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. तो कुणीतरी मीच. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत मी निमंत्रक झालो होतो. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात सूचना मांडणाऱ्यानेच ती निस्तरायची असते.

स्वयंसेवक पाहिजेत म्हटल्यावर ग्रुपवर सव्वीस अंगठे उमटले. रविवारी सकाळी आठ वाजता हजर माणसं चार. बाकीचे कुणाच्या तरी जत्रेला. चौघांतला एक डेकोरेटरचा पोरगा, तो खुर्च्या मोजून घ्यायला आला होता. त्यालाच मी बिल्ला लावला. टेबलं निम्मीच आणल्याचं त्याने बिल्ला लावून झाल्यावर सांगितलं, त्यामुळे निम्मे प्रयोग खाली फरशीवर मांडावे लागले. ही फरशी पुढे लागणार आहे.

एकूण प्रयोग बेचाळीस, त्यात ज्वालामुखी एकोणीस. चवथीचा गणपती आणावा तसे बाबालोक ते स्कूटरवर पुढ्यात घेऊन, वर टॉवेल झाकून आणत होते. दोन-तीन डोंगरांना तर मखराची झालर तशीच होती. सत्तरी तालुक्याच्या बाजूला सह्याद्रीत जो काळा दगड दिसतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यानंतर गोव्यात लाव्हा वाहिला तो थेट आमच्या सभागृहात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा संगम एकोणीस ठिकाणी एकदम झाल्यावर हॉलभर असा वास सुटला की कुणीतरी विंदालू शिजत ठेवलंय असं वाटावं.

परीक्षक म्हणून रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री. पहिल्या डोंगरापाशी त्यांनी वाकून विचारलं, "बाळ, हा फेस कशामुळे येतो?" बाळाने बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. पाचव्या डोंगरापर्यंत ही भानगडच उरली नाही. सर दिसताच पोरगा एका दमात म्हणाला, "कार्बन डायऑक्साइड आणि हें सगळें हांवेंच केलां!"

एका मुलीचा फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटायचा होता. रात्री घरी, एसीत, चिकटला होता म्हणे. पण आमच्या दमट हवेत, त्यात दीडशे घामेजलेली माणसं कोंबल्यावर, फुग्यावर विजेचा भार टिकणार कसा? फुगा सारखा खाली. शेवटी आईने सगळ्यांदेखत त्याला सेलोटेप लावली. डिचोलीचा एक मुलगा खाणीवरचा दगड आणि लोहचुंबक घेऊन बसला होता. चुंबक काही दगडाला चिकटेना. मी हळहळून "असू दे रे" म्हणालो, तर तो माझ्यावरच वैतागला. "चिकटत नाही हेच दाखवायचंय काका!" सर खूश. आपल्याकडचं लोहखनिज बहुतेक हेमॅटाइट, ते साध्या चुंबकाला दाद देत नाही, हे त्यांनी मला समजावलं. पोराला ते ठाऊकच होतं.

दुपारी पातळ भाजी आणि पाव. सरांच्या सदऱ्यावर छातीपाशी भाजीचा रुपयाएवढा पिवळा डाग पडला. मी स्वयंसेवक ना! धावत जाऊन ओला साबण आणला आणि घासला. डाग लालभडक झाला. आणखी घासला, आणखी लाल. एक आजी "अगो बाय, रगत!" म्हणून किंचाळल्या. सरांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, तेवढ्यात माझ्या कोपराखालून आवाज आला, "रगत न्हय तें, हळद." न्हाणीघराजवळच्या कोपऱ्यात, जिथे कुणीच फिरकलं नव्हतं, तिथे बसलेली तिसरीतली मुलगी. तिच्या पुढ्यात हळद लावून वाळवलेले कागद, साबणाचं पाणी, अर्धं लिंबू. तिने ते लिंबू उचललं, विचारलंसुद्धा नाही, आणि सरांच्या छातीवर पिळलं. डाग पुन्हा पिवळा!

पहिला नंबर तिचा. "हळद? घरातली हळद?" असं म्हणत एकोणीस बाबा माझ्याभोवती जमले. एकाने मला थर्माकोलची पावती दाखवली.

सोमवारी सकाळी सभागृह समितीच्या अध्यक्षांचा फोन. नव्या संगमरवरी फरशीवर धुरकट डाग पडलेत, पुसून जात नाहीत. मी घाबरून सरांना फोन लावला. ते आनंदाने म्हणाले, "जाणारच नाहीत! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर सांडून राहिलं की ते खाल्लं जातं. म्हणजे तिथेही कार्बन डायऑक्साइडच सुटला, बघा!"

मी हे अध्यक्षांना जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, पॉलिशवाल्याला वाचनालयाचा पत्ता दिलाय, आणि यापुढे हॉल फक्त भजन स्पर्धेला मिळेल.