मेस्त्रींचं नेटवर्किंग

गोव्यात पाऊस ओसरला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात: बांधकामं, आणि बांधकामांवरचे परिसंवाद. जून ते सप्टेंबर साइटवर ताडपत्री टाकून आम्ही ठेकेदार घरी भजी खात बसलेले असतो, तेव्हा आम्हाला कुत्रं विचारत नाही. त्या दिवसांत कुणी बोलावलं तर मी सकाळपासून रात्रीपर्यंत शाश्वत विकास ऐकायला तयार आहे. पण वक्ते दिल्ली-मुंबईहून येतात, त्यांना भाषणानंतर समुद्र बघायचा असतो, आणि समुद्र नोव्हेंबरनंतरच बघण्यासारखा होतो. त्यामुळे नेमकं स्लॅब टाकायच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण येतं. हिरवं, कोपऱ्यात एक पान, आणि खाली 'नेटवर्किंग लंच'.

मी फोंडा तालुक्यात घरं बांधतो. भिंत, छप्पर, संडास, सगळं. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या कार्यक्रमांत घर बांधणारा माणूस सहसा सापडत नाही. सल्लागार असतात, सल्लागारांना सल्ला देणारे असतात, 'सोल्यूशन' विकणारे असतात.

"आपण काय करता?"

"घरं बांधतो."

"हो हो, पण नेमकं काय करता?"

इथे माझं नेटवर्किंग संपतं. मी चहाच्या टेबलाकडे सरकतो आणि तिथल्या वेटरशी ओळख वाढवतो.

जायचं नव्हतंच. पण मला कामं देणारे आर्किटेक्ट म्हणाले, "जा हो, कॉन्टॅक्ट वाढतात," आणि कामं देणाऱ्याला नाही म्हणण्याइतके माझे कॉन्टॅक्ट अजून वाढलेले नाहीत. बायको म्हणाली, "जा, पण ती ज्यूटची पिशवी आणू नका. सोलं भरून भरून सोलं संपली, पिशव्या संपत नाहीत." निमंत्रण दोन प्रतिनिधींचं होतं. ऑफिसातला पोरगा जत्रेला गेलेला, म्हणून मी मेस्त्रींना गाडीत घातलं.

मेस्त्री पेडण्याकडचे. हयात जांभ्या दगडाचे चिरे रचण्यात गेली. मुलीच्या लग्नातला पांढरा शर्ट घालून ते वेळेआधी रस्त्यावर उभे होते. आम्ही रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्याने पणजीला निघालो. हा तीनेक किलोमीटरचा रस्ता पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटच्या कारकिर्दीत, १६३०च्या दशकात, खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीत, चिरे रचून बांधलेला. अजून त्याच्यावरून गाड्या धावतात. मेस्त्रींनी काच खाली करून तो बघितला आणि विचारलं, "पात्रांव (म्हणजे मालक, म्हणजे मी), याला किती स्टार दिलेत?" पर्यावरणपूरक इमारतींना देतात ते 'फाइव्ह स्टार ग्रीन रेटिंग' त्यांनी निमंत्रणावर वाचलं होतं तर!

कार्यक्रम जत्रेतल्या नाटकासारखा सुरू झाला, म्हणजे दिलेल्या वेळेनंतर आणि आभार मानून. हॉलमध्ये एसी इतका, की मेस्त्रींनी टॉवेल कानांना गुंडाळला. प्रायोजक 'फक्त दोन शब्द' बोलायला उठले. ते वॉटरप्रूफिंगचं केमिकल विकतात. दोन शब्दांत त्यांनी गच्ची, बाथरूम, पाण्याची टाकी आणि बेसमेंट असं सगळं कोरडं केलं.

मग एक तरुण मुलगी सिमेंटवर बोलली, आणि खरं सांगतो, ती चांगली बोलली. चुनखडी भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून उद्या भट्टी उन्हावर चालवली तरी तेवढं उत्सर्जन राहणारच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या घरात आहे. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून 'एलसी थ्री' नावाचं सिमेंट करतात, त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, जवळपास निम्म्यावर येतो आणि उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटतं. २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. मेस्त्रींनी हात वर केला. "फोंड्याच्या दुकानात मिळेल?" ती हसून म्हणाली, "चौकशी करून सांगते." आख्ख्या दिवसात 'चौकशी करून सांगते' म्हणणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

पुढच्यांनी पडद्यावर एक व्हिला दाखवला. डोंगरउतारावर, दोन स्विमिंग पूल, सायकलस्टँड. सायकलस्टँडला रेटिंगमध्ये गुण मिळतात म्हणे. त्या उतारावर सायकल चढवणारा माणूस चित्रातसुद्धा नव्हता. व्हिलाच्या मधोमध गोमंतकीय परंपरेला वंदन म्हणून राजांगण, म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण, आणि राजांगणावर काचेचं छप्पर. मेस्त्रींचा हात पुन्हा वर. मी टेबलाखालून त्यांचा शर्ट ओढला, पण लग्नातला शर्ट, जास्त ओढवेना.

"वर काच घातली तर गरम हवा जाणार कुठून?"

वक्ते क्षणभर चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे एसीची प्रोव्हिजन आहे."

चर्चासत्रात राडारोड्याचा विषय निघाला. तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन मलबा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे करायचे, हे एका गृहस्थांनी चार रंगांत समजावलं. त्यांना मी सांगणार होतो, की आमच्याकडे एकच ढीग असतो आणि तो रात्री टिपरमधून अदृश्य होतो. सकाळी कुणाच्या तरी शेतात प्रकट होतो. पण त्याआधी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "तुम्ही सगळे रेती कुठून आणता?" नदीतल्या रेतीचा विषय गोव्यात कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकलेला आहे आणि बंगले तर रोज उभे राहतायत. मंचावरच्या चौघांनीही पाण्याच्या बाटल्या उघडल्या. सूत्रसंचालिका म्हणाली, "हा मुद्दा आपण लंचमध्ये घेऊ." लंचमध्ये कुणी घेतला नाही. चिकन कॅफ्रियाल मात्र दोनदा घेतलं.

आणि मग तो प्रकार आला, ज्याच्या भीतीने मी दरवेळी जेवून पळतो: स्पीड नेटवर्किंग. खुर्च्यांची दोन वर्तुळं, आत एक, बाहेर एक. घंटा वाजली की समोरच्याला दोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायची, पुन्हा घंटा, एक खुर्ची पुढे. माझ्यासमोर पहिला आला तो सोलर पॅनलवाला. दोन्ही मिनिटं तोच बोलला, देव त्याचं भलं करो. दुसरे 'सस्टेनेबिलिटी स्टोरीटेलर' होते. त्यांनी मला विचारलं, "तुमची स्टोरी काय?" मी म्हटलं, दोन पार्ट्यांकडून शेवटचा हप्ता यायचाय. घंटा लवकर वाजल्यासारखी वाटली.

मेस्त्री बाहेरच्या वर्तुळात होते. त्यांच्यासमोर टाय घातलेला एक मनुष्य बसला आणि विचारता झाला, "तुमचा यूएसपी काय?"

"म्हणजे?"

"तुमच्यात असं काय आहे, जे बाकीच्यांकडे नाही?"

मेस्त्रींनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "माझी भिंत गळत नाही."

हे वाक्य तसं मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. पण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या गोव्यात ते हळू म्हणून चालत नाही. शेजारच्या चार खुर्च्यांवरचं बोलणं थांबलं. प्रायोजकसुद्धा वळले. घंटा वाजली, कुणी उठलं नाही. मागून एक जण म्हणाला, "काय वापरता?"

"काही नाही. पागोळी भिंतीपासून लांब पडली पाहिजे. वळचण हातभर पुढे काढायची. भिंतीवर पाऊस पडलाच नाही तर ती गळेल कशी?"

मग ते सुटलेच. चिरा पाणी पितो, पिऊ दे; पण त्याला ते बाहेरही टाकायला मिळालं पाहिजे. वरून घट्ट सिमेंटचा गिलावा मारला की पाणी आत कोंडतं आणि रंगाला पोपडे धरतात. म्हणून चुना, शिंपल्यांचा असेल तर उत्तम, नीट मुरवलेला. पावसाच्या अंगाच्या भिंतीला जूनपूर्वी माडाच्या चुडतांची झापं बांधायची. सिमेंटवाली मुलगी धावत आली आणि म्हणाली, चुना सुकून घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो. मेस्त्री म्हणाले, "ओढत असेल. आम्ही बघितलं नाही." टायवाल्याने वहीत लिहिलं: 'रेन एक्सक्लूजन स्ट्रॅटेजी.' मला वाचता आलं, कारण तोवर माझी खुर्ची कुणीतरी नेली होती आणि मी त्याच्या मागे उभा होतो.

निघताना मेस्त्रींच्या खिशात पत्त्यांच्या कॅटएवढी व्हिजिटिंग कार्डं होती. माझ्याकडे ज्यूटची पिशवी.

पुढचं सगळं भराभर झालं. आधी त्यांना मडगावला कुणाच्या तरी जुन्या घराची भिंत बघायला नेलं. मग आर्किटेक्चरच्या मुलांना चुना कालवून दाखवायला बोलावलं. त्याचं जे पाकीट मिळालं, त्यात माझ्याकडच्या आठवड्याची मजुरी होती. मग एका पॅनेलवर. फोटोत ते मधोमध बसलेत, गळ्यात आयडी कार्ड, टॉवेल नाही. माझे आर्किटेक्ट मला तो फोटो पाठवून विचारतात, "यांना ओळखता का हो? एखादा कॉन्टॅक्ट मिळेल का?"

परवा बांदोड्याच्या साइटवर नव्या गवंड्याने केलेल्या गिलाव्याला तडे गेले. मी मेस्त्रींना फोन लावला. मागे चमच्यांचा आणि माइक तपासण्याचा आवाज येत होता.

"फोटो पाठवा, बघून कळवतो," मेस्त्री म्हणाले. "आणि पात्रांव, तुमच्याकडून फी काय घ्यायची! जीएसटी तेवढा द्या."