नोबेल कंपन्यांच्या अनुदानातून आलेलं नाही

“चीनने पारंपरिक औषधांच्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसा दिला, म्हणून 2015 चं नोबेल मिळालं. आपण आयुर्वेदिक कंपन्यांना दिला तर आपल्यालाही मिळेल.” हा मजकूर एव्हाना तुमच्या ग्रुपवरही येऊन गेला असेल. पाठवणाऱ्यांची आयुर्वेदावरची माया खरी आहे, माझीही आहे. म्हणूनच ही मागणी चुकीच्या पायावर उभी राहू नये असं वाटतं.

आधी नोबेलचं. ते मिळालं मलेरियावरच्या औषधासाठी, चीनच्या संशोधक टू यूयू यांना. त्यांच्या शोधामागे कंपनी नव्हतीच. व्हिएतनाम युद्धात मलेरिया सैनिकांचा जीव घेत होता, म्हणून चीन सरकारने 23 मे 1967 रोजी एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याचं नाव 523. टू यूयू बीजिंगच्या सरकारी संस्थेत होत्या. त्यांच्या गटाने औषधांच्या दोन हजार जुन्या कृती जमवल्या, सुमारे 200 वनस्पतींचे 380 अर्क उंदरांवर तपासले. त्यातल्या छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क एकदा गुण द्यायचा, पुढच्या वेळी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातल्या एका ओळीवर त्या थबकल्या: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. काढा करा असं त्यात नव्हतंच! उष्णतेने गुण जात असावा हे ताडून त्यांनी 35 अंशांनाच उकळणारं इथर वापरलं. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी साफ केले. रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. पेटंटचा तर प्रश्नच नव्हता, चीनमध्ये तेव्हा तो कायदाच नव्हता.

“करसवलत दिली की संशोधन वाढतं.” कागदावर नक्की वाढतं. चीनमध्ये ‘हायटेक’ ठरलेल्या कंपनीला 25 ऐवजी 15 टक्के कर पडतो, आणि त्यासाठी उलाढालीचा ठरावीक हिस्सा संशोधनावर दाखवावा लागतो. फक्त औषधांच्या नव्हे, इतरही चिनी कंपन्यांच्या करनोंदी तपासणाऱ्या 2021 च्या एका अभ्यासात, दाखवलेल्या संशोधनखर्चाचा जवळपास पाव हिस्सा म्हणजे दुसऱ्याच खर्चावर लावलेलं संशोधनाचं लेबल निघालं.

“मग कंपन्यांना छदामही देऊ नये?” तसं मी म्हणत नाही. थोंगशिनलुओ हे चीनच्या यिलिंग कंपनीचं पारंपरिक औषध घ्या. त्यात जळू आणि विंचूही आहेत. सरकार आणि कंपनी दोघांच्या पैशातून हृदयविकाराचा झटका आलेल्या 3,777 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. 30 दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटना औषधाच्या गटात 3.4 टक्के, दुसऱ्या गटात 5.2 टक्के. 2023 मध्ये हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असा खर्च मला मान्य आहे.

आपल्याकडे औषध नियमांतल्या नियम 158-ब प्रमाणे ग्रंथोक्त औषधाला, ग्रंथातल्याच उपयोगासाठी, परवाना घेताना परिणामकारकतेची चाचणी लागत नाही. मग नुसतं अनुदान हातात पडल्यावर कंपनी ती कशाला करेल? मागायचंच तर असं मागा: चाचणी आधी सीटीआरआयवर, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवा, ती 2007 पासून आहे. निकाल चांगला येवो की वाईट, तो छापा. मग पैसे घ्या.